मधली अक्षरं

बाबा बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे नंबर तपासत होते.
एकच नंबर दोनदा आला की यंत्र थांबायचं,
जेवणाची सुट्टी रद्द,
आणि रात्री ताटावर बसले तरी त्यांच्या डोळ्यांत
आकडे तरंगत राहायचे, आमटीवरच्या तेलासारखे.

आज तेच भिंग काढून
ते माझे कागद वाचतायत.
अक्षरंच अक्षरं. सी ए एस एस, मग काहीबाही,
शेवटी बहुतेक एफ.

"सुरुवात सारखी, शेवट सारखा," म्हणाले,
"सीरिज असते तशी. मधलंच बदलतंय."

मधलंच, बाबा.
त्या मधल्या पाच-सात अक्षरांत पेशीचा हात असतो.
त्यानेच ती चाचपते समोर आलेलं:
आपलं, परकं,
की नुसताच गव्हाचा कण.

कण सम्यक पगारेच्या पोटातला. वय नऊ.
सिन्नर फाट्यावर त्याच्या आईची मिसळीची गाडी,
रोज चाळीस लाद्या पाव.
त्याचा तवा वेगळा, चिमटा वेगळा,
आणि डब्यावर तिने नेलपॉलिशने लिहिलंय:
पावाचा हात लावू नये.

दुर्बिणीतून आतडं पाहिलं तेव्हा
आतली लव झडून गेलेली,
एप्रिल छाटणीनंतर पिंपळगावकडची बाग दिसते तशी.
फक्त बाग छाटणारा
कात्री कुठे थांबवायची ते जाणतो.

इथेही थांबवणाऱ्या असतात.
नियामक टी पेशी, हे पुस्तकातलं नाव.
मी त्यांना आवरत्या म्हणते.
भांडणाच्या मध्ये शिरून
जाऊ दे गं, गहूच आहे, म्हणणाऱ्या.

बाबांनी लाल पेन्सिलीने एक ओळ गोल केली.
"ही चौदा वेळा. कुणाला तरी मेमो मिळणार."
नाही बाबा, इथे छपाई चुकलेली नाही.
एकीच्या हाताला काहीतरी लागलं,
म्हणून ती चौदा झाली.

"भांडणाऱ्यांपैकी, की आवरणाऱ्यांपैकी?"

माझ्या सरांनी हे विचारायला
दोन मीटिंगा घेतल्या होत्या.

तेच मोजतेय.
आवरत्या किती, एवढंच नाही;
किती तऱ्हेच्या.
शंभर असल्या आणि शंभरांचा हात एकच,
तर कणाची दुसरी बाजू कुणाला कळणार?
की उलट आहे:
तऱ्हा भरपूर, पण नेमकी हवी तीच नाही?

बाबा भिंग पुसत बसले.
"आमच्यात मोजाडला शाई कळायची.
डिसूझाला कागद, नुसत्या बोटाला.
मला आकडे.
तिघांनाही आकड्यांवरच बसवलं असतं तर..."
वाक्य तिथेच ठेवून चहा गाळायला उठले.
आतून म्हणाले,
"आणि कधीकधी तिघंही ओरडायचो गं.
यंत्राच्या आवाजात ऐकूच जायचं नाही."

तेही असतं.
आवरत्या जमतात, हाका मारतात,
भांडणाऱ्याच बहिऱ्या झालेल्या असतात.

अकरा मुलं. अकरा नळ्या.
एवढ्यावर काही म्हणता येत नाही,
म्हणून अजून मी काही म्हटलेलं नाही.
सम्यकचं वजन दीड किलोने वाढलंय, ते पथ्याने.
त्यात माझा एकही कागद नाही.

रविवारी बाबा म्हणाले, चल, त्या बाईंकडे.
तर्री कडक होती, बाबांचं नाक वाहिलं.
मागच्या स्टुलावर सम्यक भाकरी कुस्करत होता
आणि बघत होता,
लोक लादीतून पाव कसा सोडवतात:
तो धागा, ती वाफ.

बाबांनी पाचशेची नोट काढली,
देण्याआधी सवयीने नंबर वाचला, ओठांतल्या ओठांत.
बाईंना वाटलं, खोटी आहे की काय ते बघतायत.
"खरी आहे," बाबा ओशाळून म्हणाले,
"आपलं उगाच.
पुन्हा भेटत नाही ना."